परिच्छेद एकतीस

पिवळ्या चिठ्ठीचं एक टोक सुटलं होतं. पंख्याच्या वाऱ्याने ते उचलायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उचलायचं... गोरक्षनाथ सर मघापासून तेवढंच बघत होते. संसदीय समितीच्या अहवालाचा एकशे बारा पानांचा मसुदा आणि त्याला चिठ्ठी एकच, तीही चव्वेचाळिसाव्या परिच्छेदावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या परिच्छेदावर. बाकीची पानं कोरी करकरीत. मुख्याध्यापक असताना असं पुस्तक कुणा मुलाच्या दप्तरात सापडलं असतं, तर त्यांनी त्याला वर्गासमोर उभं केलं असतं आणि अगदी गोड आवाजात विचारलं असतं, काय बाळा, वर्षभर केलंस तरी काय?

वर्षभर नाही. सहा वर्षं. राज्यसभेची मुदत संपायला आता चार महिने उरले होते.

सकाळी नऊलाच दिल्लीहून वैजनाथचा फोन आला होता. समितीच्या कचेरीतला हा अधिकारी मूळचा शेवगावचा, त्यामुळे सरांशी मराठीत बोलायचा आणि जरा मोकळेपणाने बोलायचा.

"सर, एक किरकोळ दुरुस्ती आहे. चव्वेचाळीसमध्ये तुमची शिफारस आहे, की परदेशी अडकलेल्या कामगारांच्या साहाय्य कक्षात मराठी जाणणारी माणसं नेमावीत. पण एकतीसमध्ये समितीने तो कक्षच बंद करायला संमती दिलीय. तो समन्वय विभागात विलीन होतोय. तर तुमच्या परिच्छेदात 'कक्ष' काढून 'विभाग' घालू का? एवढं केलं की तुमचा परिच्छेद राहील."

"एकतीसमध्ये... कधी दिली संमती?"

"परवाच्या बैठकीत, सर. तुम्ही होतात की."

होतो. मी होतो. खिडकीजवळच्या खुर्चीत होतो, समोर ढोकळ्याची बशी होती, आणि अध्यक्ष परिच्छेदांचे नुसते आकडे वाचत होते — अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस — आणि टेबलाभोवतीची माणसं माना हलवत होती. तशी पद्धतच पडून गेली होती. प्रत्येक सदस्याचा एक आवडता परिच्छेद असायचा. कुणाला आपल्या शहरात पासपोर्टची कचेरी हवी असायची, कुणाला विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग. ज्याचा परिच्छेद येई तो सावरून बसायचा, बाकीचे त्याला हात लावत नसत, आणि मग त्याच्या बदल्यात त्यानेही दुसऱ्यांच्या परिच्छेदांना हात लावायचा नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सहा वर्षांत समितीचा एकही अहवाल एकमताशिवाय गेला नव्हता आणि अध्यक्षांना त्याचा फार अभिमान होता. सरांनाही होता, खोटं कशाला बोला. ते चव्वेचाळीसची वाट बघत होते आणि अधूनमधून घड्याळाकडे, कारण शिर्डीचं विमान गाठायचं होतं.

खरं तर समितीचं काम एकच होतं. परराष्ट्र मंत्रालय आपली घडी नव्याने बसवणार होतं. कुठला विभाग ठेवायचा, कुठला कशात मिसळायचा, हे मंत्रालयाने ठरवायचं आणि ते नीट ठरवलंय का, हे या एकतीस जणांनी तपासायचं. तपासलं होतंच की! चार बैठका झाल्या. पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवले गेले. आधी चौकोनांची नुसती गर्दी, मग दुसऱ्या चित्रात ते निम्मे. सरांना आता लख्ख आठवलं — खालच्या कोपऱ्यात एक फिका, लहानसा चौकोन होता, आणि पुढच्या चित्रात तो नव्हता. तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं, वा, आता फळा कसा स्वच्छ दिसतोय. एवढंच आलं होतं. स्वतःची इतकी लाज त्यांना कित्येक वर्षांत वाटली नव्हती, आणि लाज वाटण्याचाही कंटाळा आला होता, हे त्याहून वाईट.

"आणि दुरुस्ती नको असेल तर?" त्यांनी फोनवर विचारलं होतं.

"तर असहमतीची टिपणी लिहून पाठवायची, सर. आज पाचपर्यंत. अहवालाला जोडली जाईल. पण मग अध्यक्ष चव्वेचाळीसही ठेवणार नाहीत, आणि... तुमच्या पक्षाचं तुम्हाला माहीत. एप्रिल जवळ आलाय."

एप्रिल. पुन्हा उमेदवारी. खरंच हवीय का मला? दिल्लीच्या त्या बंगल्यातले ओलसर पडदे, ते सकाळचे हारतुरे... नको म्हणावं तर सकाळपासून 'दुरुस्ती करा' किंवा 'करू नका' यातला एकही शब्द तोंडातून का निघाला नाही? संध्याकाळपर्यंत सांगतो, म्हणाले आणि फोन ठेवला. जेवण झालं. प्रवरेच्या अंगाने येणारा वारा खिडकीशी खेळत राहिला. डुलकी म्हणून डोळे मिटले तर मिटलेल्या डोळ्यांपुढेही चौकोनच.

तीनच्या सुमाराला पुष्पावतीबाई दारात आल्या. "अहो, तिसगावच्या भागूबाई आल्यात. दोन एस्ट्या बदलून आल्यात बिचाऱ्या. झोपलात म्हणून सांगू का?"

सर 'सांग' म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बाई तोवर उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पिशवी, आणि पदराने कपाळ टिपत होत्या.

भागूबाईंना ते ओळखत होते. त्यांचा अजिनाथ ऊसतोडीच्या टोळीतून एकदाचं सुटायचं म्हणून परदेशी इमारतीच्या परांच्या बांधायला गेला, तिथे वरून पडला, आणि सात महिने जिवंत आहे की नाही याचा पत्ता नव्हता. कागदपत्रं मालकाकडे, आणि मालक बेपत्ता. त्या साहाय्य कक्षाचा नंबर सरांनीच बाईंना दिला होता. पुढचं सगळं बाईंनी स्वतः केलं. दर मंगळवारी अकरा वाजता फोन. पलीकडे कुणी एक अधिकारी बाई हिंदीत बोलायची, या मराठीत बोलायच्या, आणि कसं कोण जाणे, त्यातूनच अजिनाथ एका इस्पितळात सापडला होता. आता फक्त त्या देशातून सुटकेचा कागद राहिला होता.

"बसा, भागूबाई."

"बसत न्हाई सायेब, साडेतीनची गाडी हाय. एकच काम हुतं." त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला पुडा काढला आणि टेबलावर, नेमका मसुद्यावर ठेवला. "खारोड्या हायत. बाजरीच्या. तुमी दिल्लीला जातानी त्या मॅडमला न्या. नाव ठावं न्हाई मला तिचं, पन फोनवरची म्हनलं की समजंल."

"नेईन की."

"आन दुसरं आसं..." बाई घुटमळल्या. "तुमी मागं शाळंत भाषन केलं ना? आता दिल्लीत फोन उचलनारा मानूस मराठी बोलंल म्हनून?"

केलं होतं. समितीतलं बाहेर बोलायचं नसतं हे ठाऊक असून केलं होतं. टाळ्या पडल्या होत्या आणि जीभ सैल सुटली होती.

"लई चांगलं केलं. मराठी मानूस बसवा. पन सायेब, त्या मॅडमला हलवू नका. हिंदी बोलली तरी चालंल आमाला. तिला माहा अजिनाथ ठावा हाय. समदी फायल तिच्या डोक्यात हाय. नवा मानूस आला तर पुन्हा पयल्यापासून सांगावं लागंल... कोन, कुठला, कवा पडला. म्या किती डाव सांगू?"

सरांनी पुड्याकडे पाहिलं. त्याखालून पिवळ्या चिठ्ठीचं टोक डोकावत होतं. सांगून टाकावं — बाई, मॅडमला हलवायचं नाहीये, तिची खुर्चीच काढायची आहे, आणि त्या बैठकीत मी होतो. मी ढोकळा खात होतो. एवढी दोन वाक्यं. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून बोललेल्या माणसाला दोन वाक्यं जड का व्हावीत?

"मंगळवारी लागंल ना फोन?"

"लागेल," सर म्हणाले.

बाई हसल्या, पुष्पावतीबाईंनी दिलेलं पाणी उभ्याउभ्याच प्यायल्या आणि गाडी चुकेल म्हणून लगबगीने गेल्या. फाटकाची कडी वाजली. सर जागचे हलले नाहीत. लागेल. शब्द किती सहज आला! जराही अडखळला नाही. परवा एकतिसाचा आकडा आला तेव्हा मान हलली होती, अगदी तशीच. नीट ऐकायचंही नाही आणि समोरच्याला दुखवायचंही नाही, अशी ही सवय — ती दिल्लीत लागली असं आजवर ते मानत आले होते. पण मुलांच्या वह्या? शेवटच्या काही वर्षांत, थकल्यावर, आतलं न वाचता पानापानावर ओढलेल्या त्या लाल रेघा?... त्या तर इथेच, कोल्हारला, ओढल्या होत्या.

"चहा ठेवू का?" आतून आवाज आला. "आणि दमलेले दिसताय, पडा थोडं."

"दमलो नाहीये गं," ते म्हणाले, आणि तेही खरं नव्हतं. दमले होतेच. पाठीपासून बोटांच्या टोकापर्यंत दमले होते. पण मघाचा थकवा उशी मागत होता, हा काही मागतच नव्हता, नुसता ताठ बसून होता.

त्यांनी कोरा कागद ओढला. असहमतीच्या टिपणीची भाषा त्यांना पाठ होती. 'समितीच्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की'... त्या भाषेत कुणाचीच चूक नसते. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, परिच्छेद एकतीस मी न वाचता मान्य केला. वाक्य बघितलं. हे दिल्लीत वाचतील, हसतील, एप्रिलमध्ये कुणीतरी हे वाक्य पुढे करेल. खोडावं का? पेन वाक्यावर तसंच धरलेलं राहिलं.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. टेबलावर फोन थरथरला, पडद्यावर वैजनाथचं नाव आलं, आणि थोड्या वेळाने गेलं.

सरांनी वाक्य न खोडता पेन मिटलं आणि खारोड्यांचा पुडा उचलून बाजूला ठेवला. मसुद्याचं पहिलं पान उघडलं. चष्मा पुसला. मग, वर्गात ज्याला काहीच येत नाही त्या मुलाला उभं करून वाचायला लावावं तसे, एकेका ओळीवर बोट ठेवून ते परिच्छेद एकपासून वाचायला लागले, आणि पुढे एकतिसापर्यंत अजून काय काय निघेल, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.