निजलेल्या बापाचा खेळ

सुरतेच्या उधन्यातील लूम कामगारांच्या वस्तीत शहाण्या मुलीचे उदाहरण द्यावयाचे झाले, की बायका वाल्मिकच्या गायत्रीकडे बोट दाखवीत. चार वर्षांची पोर, परंतु घरात आहे की नाही हे शेजाऱ्यास कळू नये अशी. भांडे उचलील तर दोन्ही हातांनी, दार लोटील तर कडी धरून.

त्यास कारणही तसेच होते. वाल्मिक हा कायम रातपाळीचा माणूस. सकाळी तो लूमच्या खात्यातून, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यातून घरी येई, चहा घेई आणि भिंतीकडे तोंड करून निजे. आणि घर म्हणजे एकच खोली. त्याची आई धुरपदाबाई उंबऱ्यात बसून त्याच्या झोपेची राखण करी. गल्लीतील एक कारागीर अर्धवट झोपेत मशीनवर उभा राहिला आणि बोटे गमावून बसला, तेव्हापासून तर म्हातारीने स्वतःचे खोकणेसुद्धा पदरात दाबून टाकले होते. मुलाची झोप सलामत तर मुलाचे हात सलामत, अशी तिची साधी समजूत होती, आणि ती खोटी होती असे कोण म्हणेल?

अशा या गुणी पोरीविषयी बालवाडीतून बोलावणे आले, तेव्हा वाल्मिकला वाटले की बक्षीसबिक्षीस असावे. संध्याकाळी पाळीवर जाण्यापूर्वी स्वच्छ सदरा घालून तो गेला.

बालवाडी वस्तीतील बुद्धविहाराच्या मागील दोन खोल्यांत आणि पुढील अंगणात भरे. ती चालविणारी अंजनाबाई मूळची भुसावळकडील, रेल्वे कामगाराची मुलगी. पण सुरतेच्या रिवाजाप्रमाणे लहानथोर तिला बेनच म्हणत.

"वाल्मिकभाऊ, रागावू नका," ती म्हणाली. "गायत्री येथे आल्यापासून मी तिचा आवाज ऐकलेला नाही. हाक मारली की बघते, सांगितलेलं सगळं समजतं. पण तोंडातून शब्द नाही. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

"मनी आंडेर मुकी नही, बेन," वाल्मिक एकदम म्हणाला. आपली मुलगी मुकी नाही हे सांगताना त्याच्या तोंडी घरची भाषा आली. मग सावरून तो म्हणाला, "घरात बोलते ती."

"काय बोलते? तुम्ही शेवटचं काय ऐकलंत?"

वाल्मिकने आठवून पाहिले. मुलीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, हसणेही उभे राहिले. आवाज मात्र काही केल्या आठवेना.

घरी येऊन त्याने बायकोला विचारले. योगिता भाकरी बांधीत होती. "मना कानमा बोलस ना ती," ती म्हणाली. "तुम्ही झोपेल ऱ्हातस, तुमले कसं ऐकू येई?"

"पोर गरीब शे, त्यामा काय बिघडनं?" उंबऱ्यातून धुरपदाबाई बोलली. "त्या बेनले म्हन, तुना वर्गमा बोंबलनारा कमी शेतस का?"

वाल्मिक भाकरी घेऊन पाळीवर गेला. परंतु मनाला एकदा शंकेची कसर लागली, की ती आतून कुरतडत राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटताच तो घरी न जाता परस्पर बालवाडीवर गेला. केसांत सुताची धूळ तशीच होती. अंजनाबेनने त्याला खिडकीशी उभे राहू दिले. अट एकच, की मुलीला हाक मारायची नाही.

आत मुलांचा खेळ रंगात आला होता. सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन एकावर एक रचून कोणी मनोरा करीत होते, कोणी तेच कोन कानाला लावून फोनवर बोलत होते. कोपऱ्यात साडीचा तुकडा दोरीवर टाकून घर केले होते. त्या घरात शुभम नावाचा जाडजूड मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि गायत्री कोनाच्या कपात चहा गाळीत होती.

येथे वाचकास एक गोष्ट सांगितली पाहिजे. लूम चालू असताना खात्यात शब्द ऐकू येत नाही. म्हणून तेथील कारागीर ओठ वाचावयास शिकतो, आणि कोणी न शिकविता शिकतो. वाल्मिक तर त्या कामात इतका मुरलेला, की देखरेखीचा मास्तर खात्याच्या दुसऱ्या टोकाला शिवी देई आणि ती वाल्मिकच्या डोळ्यांना लागे.

त्याने गायत्रीच्या ओठांकडे पाहिले. ते हलत होते.

"पाय वाजाडू नको," ती दुसऱ्या मुलीला सांगत होती. "पप्पा झोपेल शेतस. चहा मी करस. कप आपटू नको. झोप मोडी, मंग पप्पाना हात मशीनमा जाई."

सगळे काही आवाजाविना. श्वासाचाही नाद नाही.

"बोलते ती, बेन!" वाल्मिकने खिडकीचा गज घट्ट धरला. "किती बोलते!" पण ती काय बोलली याचा अर्थ जसजसा ध्यानात येऊ लागला, तसतशी गजावरची मूठ सैल होत गेली.

आत शुभम कंटाळून उठू पाहत होता. "मेरेको अब उठना है," तो म्हणाला. "सो सो के थक गया मैं." गायत्रीने त्याला खांद्याशी धरून पुन्हा निजविले आणि ओठांवर बोट ठेवले. पप्पा होऊन निजणे हे भारी काम आहे, असा त्याचा चेहरा झाला.

वाल्मिकने ओठ वाचून जे कळले ते अंजनाबेनला सांगितले. ती खिडकीशी येऊन आत पाहू लागली.

"मला वाटत होतं, ही काही शिकत नाही. ही तर घरातलं सगळं शिकून बसली आहे."

"मग मी सांगतो तिला. आजपासून मोठ्यानं बोल म्हणून."

"सांगून जमलं असतं तर माझं काम किती सोपं होतं, भाऊ. मुलांना पाणी सांडल्याशिवाय भांडं केवढं ते कळत नाही. आता अंगणात खेळायची वेळ आहे. तुम्ही थांबा, आणि मुलं तुमचं काय करतील ते करू द्या."

अंगणात रेतीचा ढीग होता, जुने टायर होते, पाण्याचे टब होते. मुले बाहेर सुटली आणि एक मोठा माणूस फुकटात हाती लागला असे पाहून त्यांनी त्यास वेढले. चेतन नावाच्या मुलाने त्याला हत्ती केले. पण हत्ती कुरकुर करू लागला. मग शुभमने ठरविले की हे पप्पा म्हणजे डोंगर. डोंगराने आडवे व्हावे लागते. वाल्मिक निंबाच्या सावलीत, गार रेतीवर आडवा झाला आणि मुले त्याच्या पोटावर रेती टाकू लागली. रात्रभर उभा राहिलेला देह! जे व्हायचे तेच झाले. डोंगर घोरू लागला.

पुढील प्रकार त्याने स्वतः पाहिला नाही. अंजनाबेनने पायरीवर बसून पाहिला आणि नंतर त्यास जसाच्या तसा सांगितला.

बापाचे डोळे मिटलेले दिसताच गायत्री टाचा उचलून धावली. प्रत्येक मुलापुढे जाऊन तिने ओठांवर बोट ठेवले. पण आतल्या घरात चालणारा कायदा अंगणात कोण मानतो? चेतन पत्र्याचा डबा बडवीतच राहिला. गायत्रीने घाबरून बापाकडे पाहिले. पापणी हलली नाही. चेतनने पुन्हा डबा वाजविला. पापणी तशीच.

तेव्हा ती बापाजवळ उकिडवी बसली आणि विचारात पडली. जरा वेळाने तिने चेतनकडून डबा मागून घेतला आणि नखाने टिचकी मारली. पाहिले. मग बोटाने वाजविले. पाहिले. मूल जसे टबात आधी बोट बुडविते, मग पाय, आणि मग बसतेच, तसे तिचे चालले होते. अखेर तिने दगडाने डबा ठोकला. बापाची छाती वर होत होती, खाली होत होती. मशीनच्या धडधडीत उभ्याने डुलकी घेऊ शकणाऱ्या माणसाला डब्याचे काय?

ती त्याच्या कानाशी गेली. "पप्पा," ती कुजबुजली. मग साध्या आवाजात म्हणाली. मग ओरडली. ते ऐकून शुभमने हातातील रेती खाली टाकली आणि म्हणाला, "बेन, ये तो बोलती है."

थोड्या वेळाने खाऊची घंटा झाली. मुले आत पळाली आणि अंगण एकदम शांत झाले. त्या शांततेने वाल्मिक दचकून जागा झाला. खात्यात आवाज थांबला की काहीतरी बिघडले असे समजावे लागते.

"लाईट गई का?" तो उठून बसला. पोटावरची रेती घरंगळली.

समोर गायत्री एकटीच बसली होती.

"मी डबा वाजाडा," ती म्हणाली. "तुम्ही उठनात नही. मी वरडनू, तरी उठनात नही."

आवाज किंचित घोगरा होता आणि शब्दाच्या शेवटी वर चढत होता. वाल्मिकची नजर सवयीने तिच्या ओठांवर गेली होती. त्याने ती मुद्दाम निंबाकडे वळविली, म्हणजे नुसते कानांनी ऐकता येईल.

"आजून सांग," तो म्हणाला.

तिने पुन्हा सगळे सांगितले, आणि या वेळी शेवटी एक प्रश्न जोडला. "मंग आजी मले कसाले गप ऱ्हा म्हनस?"

वाल्मिक विचार करू लागला. आई खोटी नव्हती आणि मुलगीही खोटी नव्हती. वस्तीत आवाज नाही असा दिवस कोणता? गल्लीतल्या कुकरच्या शिट्ट्या, टेम्पोचे हॉर्न यांनी त्याची झोप कधी मोडली नव्हती. मग या एवढ्याशा आवाजाने ती कशी मोडली असती? परंतु हे कोणी तपासून पाहिले नव्हते, त्याने स्वतःही नाही.

"चाल, तिलेच इचार," तो म्हणाला आणि अंगावरची रेती झाडू लागला. "मोठ्यानं इचारजो. ती लांब बठेल ऱ्हास."

गायत्रीने ते अक्षरशः मनावर घेतले. गल्लीच्या तोंडाशी शिरतानाच तिने प्रश्न विचारावयास आरंभ केला. आज मुलगा वेळेवर आला नाही म्हणून काळजीत बसलेली धुरपदाबाई तो अनोळखी आवाज ऐकून सवयीने ओठांवर बोट ठेवीत उंबऱ्यातून उठली, आणि ही कोणाची पोर ओरडते आहे म्हणून शेजारच्या दारांत पाहू लागली.