भावकीनं ऐकलेली फाइल

साखरबाईला ऐकायला कमी येई. म्हणून लेकीनं, अपेक्षानं, आईच्या बटणाच्या फोनात प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय करून दिली होती. एखादा शब्द सुटलाच तर मागून निवांत ऐकायचा. पुढं केंदूरला नांदायला गेलेली ही पोर विहिरीत सापडली. सासरचे म्हणाले, पाय घसरला. नवरा काय करतो, दीर काय धमकावतो, हे तिनं आदल्याच दिवशी फोनवर सांगितलेलं मात्र माहेरी, खुटबावात, आईच्या फोनात होतं.

पोलिसांकडं जायचं ठरलं, पण भावकीनं ऐकल्याबिगर पाऊल उचलायची त्या घराण्यात रीत नव्हती. बैठक बसली. त्या फोनचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं जाईना. कार्ड काढून दुसऱ्या मोबाइलात घातलं, तर फाइलच्या नावामागं एएमआर अशी अक्षरं आणि चित्राच्या जागी प्रश्नचिन्ह. उघडेना. तेवढ्यावर साखरबाईचे थोरले दीर मारुतराव म्हणालेसुद्धा, की पोरीनं काही सांगितलंच नसंल.

पुतण्या इंद्रजीत कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा. त्यानं एएमआर खोडून एमपीथ्री लिहिलं. पाटी बदलली, माल तोच. फाइल मुकीच राहिली. मग त्यानं ॲपमधून तिची खरोखरची एमपीथ्री बनवली, सुरुवातीचं थोडं कापलं, आवाज चढवला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकली. सगळे हळहळले, आणि हळहळत पुढं पाठवत राहिले. न उघडणारी फाइल इंद्रजीतनं पुसली आणि मोकळ्या कार्डात काकूसाठी भजनं भरून दिली. मनानं चांगलाच तो.

शिरूरच्या वकिलांनी ग्रुपवरची फाइल ऐकली आणि मूळची मागितली.

"हीच की," इंद्रजीत म्हणाला.

"ही तुम्ही बनवलेली, कापलेली. समोरचा म्हणंल, आवाजबी बनवलाय. फोननं स्वतः केलेली कुठंय?"

कार्ड तपासून आणलं. पुसलेलं परत मिळालं असतं, पण त्या जागेवर भजनं बसली होती. साखरबाईनं इंद्रजीतला एकच विचारलं.

"काय कापलंस रं?"

"रडणं, काकू. लई लांबत व्हतं."

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं वेळ जावा म्हणून मोबाइल काढला. "ऐकलं का मावशी, केंदूरच्या पोरीचं?" म्हणत तिनं तो साखरबाईच्या कानाशी धरला. "आई गं," इथूनच पोरीचं बोलणं सुरू झालं. बाई तोंडाकडं बघत होती, आता ही काय म्हणते म्हणून.

"परत लावा," साखरबाई म्हणाली. "मला ऐकायला जरा कमी येतं."