उंचीला पायऱ्या नसतात

जळबाने पिकअपच्या हौद्यात गादी अंथरली आणि आकांक्षाला तिच्यावर उताणी निजवलं.

"हिंगोली येईस्तवर उठू नको. उभं राह्यलं की माणूस दबतं," तो म्हणाला.

आज हिंगोलीत उंची मोजणार होते, म्हणून कालपासून लेक आडवीच होती. पोलीस भरतीला लागणारी उंची तिच्यात सकाळी भरायची, संध्याकाळी केसभर कमी पडायची. तरुणपणी जळबा स्वतः बोटभर उंचीपायी भरतीतून परतला होता. आता लेकीच्या अंगावर वर्दी बघायचीच, असा त्याचा हट्ट होता. त्या हट्टापुढे घरात कुणाचं काही चालत नसे.

आकांक्षाला नांदेडला जाऊन जीवशास्त्र शिकायचं होतं. कॉलेजात बाईंनी एकदा सगळा वर्ग उंचीप्रमाणे उभा केला होता. रक्तगटाचे कप्पे असतात, बाई म्हणाल्या होत्या, हा नाहीतर तो. उंचीला पायऱ्या नसतात, नुसता उतार असतो. त्या उतारावर सरकारने रेघ मारली आणि ही बया नेमकी रेघेवर सापडली. पळताना मागे पडली तर बाप तिलाच बोल लावणार. पण उंचीच कमी भरली तर चिडणार कुणावर? सुटकेची तेवढी एकच फट होती, आणि तीही बाप गादी घालून बुजवत होता.

नरसीला गाडी थांबली. जळबा चहा आणायला गेला. हौद्यात आकांक्षाच्या उशाशी बसलेली तिची आई चतुराबाई लेकीकडे बघत राहिली.

"तुला व्हायचं हाय का पोलीस?"

"न्हाई."

"मंग बाबाला काहून न्हाई सांगत?"

"तू सांगतीस का, आई, त्यांला कधी काही?"

चतुराबाई पदर खोचून खाली उतरली. प्यायच्या पाण्याचा भरलेला कॅन तिने हौद्याच्या कडेला ओढला आणि लेकीच्या ओढणीची चुंबळ वळली.

"उतर."

आकांक्षाला क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. आईने कॅन उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. ती गाडीच्या आडोशाला चकरा मारू लागली. मान दुखत होती आणि फार बरं वाटत होतं.

जळबा चहा घेऊन आला तेव्हा ती गादीवर डोळे मिटून पडली होती.

"उठली तर न्हाई ना?"

चतुराबाईने लेकीच्या कपाळावरचं पाणी पदराने टिपलं. जळबाशी ती जन्मात खोटं बोलली नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली. "हळू चालवा. लेकराला दचके बसून ऱ्हायलेत."