काकूंच्या बोटात अडकलेला मोर

ऋतुजाची फाइल उघडली. अभिनंदन. आता तसं काही झालंच नाही असं धरून पुढं जाऊ, कारण घरातल्या सगळ्यांनी तसंच धरलंय.

भवानी पेठेतल्या घरच्या चादर कारखान्यात ऋतुजाचं पहिलंवहिलं डिझाइन, एक मोर, आज संध्याकाळी मागावर चढायचं होतं. नाही चढलं तर पुन्हा जुनी कमळंच. कारखान्याचा आधीचा हत्ती बाजारात येण्याआधीच पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्याच्या चादरीवर झोपलेला सापडला, तेव्हापासून फायली कुलूपबंद ठेवायचं ठरलं होतं.

कुलूप निवडलं तिच्या धाकट्या भावानं, बसवेशनं. तीन सॉफ्टवेअरं तपासून. पहिलं इतकं भक्कम, की पासवर्ड विसरला तर देवालाही उघडणार नाही; बसवेश लगेच विसरला. दुसऱ्यानं फाइल परत दिली, पण मोराचे पाय गिळून. तिसऱ्याला पासकी होती. पासवर्डच नको, लॅपटॉपवर बोट टेकवलं की काम झालं. तिसरं ठरलं, आणि उघडी प्रत बसवेशनं शिस्तीत पुसून टाकली.

आता या घरात नव्या वस्तूला पहिला हात थोरल्यांचा लागतो. फ्रिजला लागला, स्कूटरला लागला. म्हणून पासकीला बोट चंद्रव्वाकाकूंचं, हळदकुंकू वाहून. बोट चाललं नाही तर लागणारा पिनही त्यांचाच, कुणाला न सांगितलेला. मुहूर्ताला एकच हात, बाकीच्यांची बोटं उद्या जोडू.

"काकू, लावा की बोट!" खाली माग थांबलेला. ऋतुजा उठत होती, बसत होती, परत उठत होती.

"मोराची मान लई बारीक हाय. जाड कर, मग लावते."

"मान फायलीत आहे, काकू. उघडल्याशिवाय जाड कशी करू?"

"ते तुमचं तुमी बघा."

"सुरक्षा दहापैकी दहा, ताई," बसवेश म्हणाला.

"तू गप रे."

मग ऋतुजानं सूर बदलला. "बारीक आहे का, एकदा बघून तरी सांगा."

काकूंनी बोट टेकवलं. मोर उघडला. ऋतुजाचा हात माउसकडे झेपावला, बसवेशचं बोट स्वतःला जोडून घ्यायला पासकीकडे.

"बारीकच हाय की!" काकूंनी लॅपटॉप खाडकन मिटला. मिटला की कुलूप आपोआप.

खाली कमळं सुरू झाली.

ऋतुजानं सॉफ्टवेअर कंपनीला मेल धाडला: "उपरोक्त मोर आज रोजी सर्वांसमक्ष एकदा उघडला होता. सबब तो अद्याप उघडाच आहे असे मानून आमच्या मागावर पाठविण्यात यावा, तसेच यापुढे चुलतीच्या मतास कुलपाचा दर्जा देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."