सगळ्यांच्याच वाटीत दाणा

मी एक जुना पितळी डाव आहे. मित्रांनो, तुमच्या घरी पातेल्यातलं कालवण ज्याने वाढतात, तोच मी. फक्त तुमचा बहुधा स्टीलचा, हलकाफुलका असेल आणि माझा दांडा असा वजनदार की नव्या माणसाचं मनगट कुरकुरतं. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. त्याची लेक लग्न होऊन निघाली तेव्हा त्याने मला तिच्या हाती दिलं आणि म्हणाला, "वाढताना हात आखडू नकोस." तेव्हापासून मी तिचा. पुढे घरात तिला सगळे आईच म्हणू लागले, अगदी तिचा नवरासुद्धा.

तिच्या घरी वर्षाचं पहिलं जेवण ठरलेलं असे. अख्ख्या मसुराचं दाट कालवण आणि पाव. मसूर फुगतो तसं वर्ष फुगावं, म्हणून मसूर. आंबट काही करायचं नाही, नाहीतर वर्षभर तोंडं आंबट! आणि पातेल्यात घेवड्याचा एकच पांढरा दाणा. तो ज्याच्या वाटीत येईल, वर्ष त्याचं. बाकीच्यांनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा.

मला वाटे, दाणा नशिबाने येतो. पहिल्याच वर्षी माझे डोळे उघडले. आईने मला पातेल्याच्या काठाशी तिरकं धरलं, बाजूला दडवलेला दाणा हळूच माझ्या पोटात ओढला आणि थेट नवऱ्याच्या वाटीत! त्याने नुकतंच घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. मी चाटच पडलो. म्हणजे नशीबबिशीब काही नाही, सगळं हिचंच कारस्थान! मुलाची नोकरी सुटली त्या वर्षी दाणा मुलाला. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं त्या वर्षी लेकीला. सून नवी होती, बावरलेली, तेव्हा सुनेला. आईच्या स्वतःच्या वाटीत मात्र तो कधीच आला नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, पातेलं निपटून. "आईच्या हाताला गुण आहे," असं सगळे म्हणत आणि मी मनात म्हणे, हाताला कसला, डावाला म्हणा! तेवढा गर्व मला होता.

मग ते वर्ष आलं. सकाळी आईने कालवणात दाणा टाकला, मला फिरवून ढवळलं, डब्यापाशी गेली आणि आणखी एक दाणा आणून टाकला. मला वाटलं, गंमत करतेय. पुन्हा ढवळलं, पुन्हा डबा. ती गुणगुणत होती. दर खेपेला दाणा टाकताना चेहरा तोच, लबाड आणि खूश, जणू पहिल्यांदाच टाकतेय. माझ्या पितळेला घाम फुटला. ओरडावं असं फार वाटलं, पण डावाने ओरडायचं कसं?

टेबलावर पहिली किंचाळली ती नात. "मला! मला आलाय दाणा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं थांब, मलाही आलाय," लेक म्हणाली आणि हशा पिकला.

"माझ्या वाटीत तर तीन आहेत," मुलगा म्हणाला. या वेळचं हसू मध्येच अडलं.

आईच्या नवऱ्याने आपल्या वाटीतले दाणे कोणी बघायच्या आत गटकन गिळले. सून दवाखान्यात नर्स आहे. ती हसलीच नव्हती. तिने चमचा खाली ठेवला.

"आई, किती दाणे टाकलेत तुम्ही?"

"एकच. एकच टाकतात ना गं?"

आईने सगळ्यांच्या वाट्यांत बघितलं, मग पातेल्यात. मसूर कमी आणि पांढरंच जास्त. "हे कोणी टाकले?" तिने विचारलं. तिचा आवाज ऐकून मला धडकी भरली. लेकीने आपली वाटी हाताने झाकली.

"मी टाकले," नवरा म्हणाला. "म्हटलं, या वर्षी सगळ्यांचंच चांगभलं होऊ दे."

"तुमचं आपलं काहीतरीच!" आई म्हणाली आणि खाली बसली. पण मी तिच्या मुठीत होतो. जेवण संपेपर्यंत तिने मला खाली ठेवलं नाही.

त्यानंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. दोनदा गॅस चालू राहिला आणि आईला स्वयंपाकघर बंद झालं. घरात स्टीलचा डाव आला. मी खिळ्याला टांगलेला, अंगावर हिरवे डाग. आई येता-जाता माझ्याकडे बघायची आणि पुढे जायची. तिने मला ओळखलं नाही, हे पचवायला मला फार जड गेलं.

वर्ष उलटलं. "या खेपेला राहू दे," मुलगा म्हणाला. "करणार कोण? बाहेरून मागवू काहीतरी." मी सुन्न झालो. मसुराशिवाय वर्ष?

"करणार कोण म्हणता? मी करते," सून म्हणाली. तिने मला उतरवलं, घासूनपुसून लखलखीत केलं. कालवण शिजलं, त्यात दाणा पडला, एकच. आणि वाढताना तिने मला काठाशी तिरकं धरलं! अगदी आईसारखं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, कोण जाणे कधीपासून. दाणा तिने आईच्या वाटीत सोडला.

जो तो आपापल्या वाटीत बघण्याचं सोंग करत होता. आईचा चमचा थांबला. तिने दाणा दोन बोटांनी उचलला, निरखला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग ओशाळून सुनेला म्हणाली, "बाई, रागावू नका हं. मसूर निवडताना माझ्या नजरेतून सुटला वाटतं. पुढच्या वेळी नीट बघेन."

नात उठली आणि तिने आजीच्या डोक्यावर हात ठेवला. मागोमाग एकेक जण उठला. आई सगळ्यांकडे बघत राहिली, गोंधळून, थोडी घाबरूनही.

मित्रांनो, मला घासलं नाहीत, कोपऱ्यात टाकलंत, तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात जी शेवटी जेवते, तिच्या वाटीत दाणा आजच वाढा. तो तिला ओळखू येतोय, तोवर.