गोड्या पाण्याची सवय

रनीमनं काचेची नळी टाकीत बुडवून वर काढली, बाटलीतले चार थेंब त्यात सोडले आणि नळी उन्हात धरली. पाणी आधी पिवळं झालं, मग हिरवं, मग गर्द हिरवं.

"अम्मो," ती अवादकाकाला हळूच म्हणाली, "हे विष झालंय. यात प्रवाळ एक दिवस जगायचं नाही."

अवादनं मान हलवली. चांगला कान तिच्याकडे करून तो उभा होता. दुसऱ्या कानाचा पडदा दोन वर्षांपूर्वी कायमचा गेला होता. चाळीस वर्षं या माणसानं तांबड्या समुद्रावरच्या अकबाच्या बंदरात बुड्या मारल्या, जहाजांच्या पंख्यांत अडकलेले दोर कापले, हरवलेले नांगर शोधून काढले. आणि डॉक्टरनं एका वाक्यात सांगितलं, यापुढे डोकं पाण्याखाली घालायचं नाही. त्या दिवसापासून तो समुद्राकडे पाठ करून कॉफी प्यायला लागला.

मग जुना धक्का पाडायला घेतला. त्याच्या दगडांवर पन्नास वर्षांचे जीव बसलेले. ज्यांना नीट सांभाळता येतील त्यांना ते कागदावर सही घेऊन द्यायचे ठरले, आणि रनीम त्याच कामावर होती. अवादच्या अंगात वारं संचारलं. अंगणात त्यानं सात हात लांब टाकी बांधली, समोर जाड काच बसवली. ऊन मिळावं म्हणून बायकोचा, सबहाचा, द्राक्षांचा मांडव अर्धा कापला. तळाशी वीतभर वाळू घातली, गच्चीवर उथळ परातीत शेवाळ वाढवलं. यंत्र म्हणून एकच, पाणी हलतं ठेवायला छोटा पंप.

"बाकीची सफाई दगडातले जीवच करतात," तो सांगायचा. "घाण खाणारे तिथंच राहतात. आपण फक्त ऊन द्यायचं आणि हात आवरायचा."

"द्राक्षं गेली, आता मासे पिकवा," सबहा म्हणाली होती खरी. पण तो परत दोन भाकऱ्या खायला लागला, काम करताना शीळ घालायला लागला, तेव्हा तिनं उरलेल्या मांडवाकडे पाहून तोंड मिटलं होतं.

आता ती चहाचं तबक घेऊन दारात उभी होती.

"एक विचारू?" रनीम म्हणाली. "दगडांना गोडं पाणी लागलं होतं का? नळाचं?"

तबकातले पेले किणकिणले.

"छे," अवाद म्हणाला. "चूक माझी. आणताना गाडी वाटेत बंद पडली, दगड उन्हात राहिले."

सबहानं चहा ठेवला आणि ती आत गेली. स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

दगड आले तो शुक्रवार होता. ओल्या पोत्यांत गुंडाळलेले चोवीस दगड अंगणात उतरवून अवाद नमाजाला गेला. सबहानं एक पोतं उचलून पाहिलं. बुळबुळीत, वास मारणारे, लाल-तपकिरी चिखलानं माखलेले दगड! नवऱ्यानं जीव ओतून बांधलेल्या टाकीत हे असले घालायचे? या घरात एकच नियम होता, समुद्रातून आलेलं काहीही आधी गोड्या पाण्यात. मीठ दाराच्या कड्या खातं, तवे खातं, माणसाचे कपडे खातं. चाळीस वर्षं ती रोज संध्याकाळी त्याचा रबरी पोशाख, चष्मा, शिशाचा पट्टा तीन-तीन पाण्यांनी धूत आली होती. तिनं नळाला पाइप लावला, काथ्याचा ब्रश घेतला, आणि चोवीसही दगड घासून घासून पांढरे केले. वर परत ओली पोती टाकली. मनात म्हणाली, तेवढीच मदत!

करायला गेली एक आणि झालं भलतंच. तिसऱ्या दिवशी टाकीला वास सुटला. पंधरा दिवस ती वास घेत होती आणि गप्प होती. आणि हा भला माणूस दोष स्वतःच्या माथी मारून घेत होता.

बाहेर रनीम सांगत होती, "दगड मेले म्हणजे संपलं असं नाही. धक्क्याच्या जागेची जिवंत वाळू बादलीभर आणून घातलीत, तर जीव पुन्हा पसरतात. तुमच्या कागदात ती परवानगी आहे. मात्र वरवरची नको. डोकं खाली घालून तळाची घ्यायला हवी." तिनं नळी पुसून पिशवीत ठेवली. "माझ्याकडे प्रवाळाचे सात तुकडे आहेत. महिनाभर ठेवते. पुढं मला ते दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील."

"दे," अवाद म्हणाला. "आत्ताच देऊन टाक दुसऱ्याला."

"कुणालातरी सांगा ना वाळू आणायला. निम्म्या बंदराला तर तुम्हीच बुडी शिकवलीत."

"म्हणूनच नाही सांगणार."

ती गेल्यावर सबहा बाहेर आली. तो टाकीच्या कडेवर बसला होता.

"टोमॅटो लाव यात," तो म्हणाला. "माती भरून देतो."

त्या रात्री त्यानं भात चिवडला आणि उठला. शीळ नाही, काही नाही.  दगड मीच धुतले हे सांगावं, असं सबहानं तीनदा ठरवलं आणि तीनदा नुसतीच भांडी घासत राहिली.

पहाटेची नमाज झाली तशी तिनं त्याचा जुना चष्मा आणि बादली उचलली. बायका पाय बुडवून बसतात त्या कोपऱ्यात, पाडलेल्या धक्क्याजवळ, समुद्रावर कुणी नव्हतं. साठ वर्षं या गावात काढली, पण पाणी तिच्या गुडघ्यावर कधी चढलं नव्हतं. अंगावरच्या लांब झग्यासकट ती चालत गेली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. झगा तिच्याभोवती फुगून वर आला.

"या अल्लाह, लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं," ती मोठ्यानं म्हणाली आणि डोकं खाली घातलं.

पहिल्यांदा घाबरून वर आली, नाकातोंडात पाणी. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं डोळे उघडे ठेवले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वर येऊन ती छाती भरून श्वास घ्यायची, पुन्हा खाली जायची, आणि प्रत्येक खेपेला मूठ भरून वाळू बादलीत. पण मूठ भरायला एवढा वेळ लागत नाही. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला रोज विचारायची, "आज काय दिसलं?" आणि तो जेवता जेवता म्हणायचा, "पाणी. दुसरं काय दिसणार?" मेल्या, तिला वाटलं, चाळीस वर्षं हे सगळं एकट्यानं पाहिलंस!

ती घरी आली तेव्हा ऊन भिंतीवरून टाकीत उतरत होतं. अवाद अंगणातच होता. हातात फावडं, बाजूला मातीचं पोतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, निथळत्या झग्याकडे, कपाळावर सरकवलेल्या चष्म्याकडे, बादलीकडे. फावडं भिंतीला टेकवून ठेवलं.

"दगड मी धुतले होते," ती एका दमात म्हणाली. "नळाखाली. ब्रशनं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पोतं उचललं तेव्हापासून. नायेफच्या आई, चाळीस वर्षं तू धुतलेलं अंगात घालतोय. तुझ्या हातचं धुणं मला ओळखू येणार नाही?"

"मग टाकीत घातले कशाला? बोलला का नाहीत?"

त्यानं टाकीतला एक पांढरा दगड सरळ केला.

"इतके स्वच्छ केले होतेस," तो म्हणाला. "फेकून द्यायला जीव होईना."

सबहाला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. तोंड फिरवून ती नळाशी गेली. हात वाळूनं बरबटलेले. तिनं तोटी सोडली, तोच मागून त्याचा हात आला आणि त्यानं तोटी बंद केली.

"आज नको. तशीच घाल."

तिनं बाह्या सरकवल्या. खारे हात तसेच पाण्यात घातले आणि तो दाखवेल तिथं, दगडाच्या फटीफटीत, मूठमूठ वाळू सोडली. शेवटच्या मुठीतून नखाएवढा एक शंख घर पाठीवर घेऊन काचेकडे चालायला लागला. दोघं वाकून बघत राहिले.

"धक्क्याच्या कुठल्या बाजूला गेलीस?"

"आतल्या."

"तिथं उतार आहे. खोल."  काचेवर बोट फिरवत, तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "काय दिसलं?"

सबहानं झग्याचं टोक पिळलं.

"पाणी," ती म्हणाली. "दुसरं काय दिसणार?"

 मातीचं पोतं अवादनं पायानं बाजूला सारलं, तिच्यासाठी स्टूल ओढलं, स्वतः टाकीच्या कडेवर बसला आणि चांगला कान तिच्याकडे केला.