आगबोटीवरून दिसलेला दिवा

“उतरव गो बाय तो दिवा. परत चढवू नको.” सत्तावीस सालच्या कार्तिकातलं सासूबाईंचं हे बोलणं अजून माझ्या कानात आहे.

आदल्या रात्री मुंबईहून रत्नागिरीला येणारी आगबोट आमच्या आरे गावासमोरच्या खडपावर, समुद्रातल्या खडकांवर, चढून फुटली होती. समुद्र शांत, आभाळ स्वच्छ. मग ती रत्नागिरीच्या आधीच किनाऱ्याकडे वळली कशी? कोणी म्हणे यंत्र बिघडलं, कोणी म्हणे कप्तान प्यायला होता. तो साहेब तर लगेच निघून गेला. दोन खलाशांची प्रेतं मात्र वाळूवर मिळाली. मग कोणीतरी म्हणालं, “गोदूबाईचा आकाशदिवा त्यांना रत्नागिरीचं दीपगृह वाटला असणार.” गोदूबाई म्हणजे माझ्या सासूबाई; दर कार्तिकात आमच्या अंगणातल्या उंच काठीवर तो दिवा चढे. बोटीतले पत्रे गावाच्या गोठ्यांवर चढले, दोष आमच्या दारात राहिला.

तेव्हापासून सासूबाई एकवेळच जेवत. मला राहून राहून वाटे, उंडीच्या तेलाची ती वात एवढ्या लांबून दिसते तरी का?

यंदाच्या कार्तिकात धीर करून धाकट्या दिराला, गुणाजीला, विचारलं, “भावजी, मला खडपापर्यंत न्याल?”

“बाईमाणूस होडीत? मासळी रुसंल, वयनी!”

“एरवी तरी कुठं हसते तुमच्याकडं बघून?”

तो हसला आणि कबूल झाला.

खडपावरून दिसतो का ते बघायचं, तर दिवा काठीवर चढायला हवा होता; सासूबाई मात्र त्याला हात लावीनात. शेवटी म्हणाल्या, “चढवते. पण दिसला तर दिसला म्हण. माझी कीव करून खोटं बोलू नको.”

तुळशीवर हात ठेवून मी शब्द दिला.

दिवेलागणीला खडपाशी पोचलो. ओहोटी होती. बोटीचा गंजका सांगाडा, त्याला चिकटलेली कालवं, आतून घुसळून निघणारं पाणी. मी त्या दोन खलाशांसाठी हात जोडले आणि किनाऱ्याकडे पाहिलं. माडांच्या काळोखावर एक ठिपका. आधी चांदणी वाटली, पण वाऱ्यासरशी ती डुलली.

“दिसतो हो,” मी म्हटलं.

गुणाजीनं वल्हं आडवं ठेवून तिकडे पाहिलं. “दीपगृह केवढं, ह्यो केवढा! कोण फसंल? नाय दिसला म्हणून सांग, वयनी. म्हातारी दोन घास खाईल.”

“तुम्ही म्हणालात तेही सांगेन. पण आधी दिसला म्हणेन.”

होडी वाळूला लागली. वर अंगणात सासूबाई दिव्याच्या काठीपाशी उभ्या होत्या. मी लुगड्याचा ओला काठ पिळला आणि पाखाडीच्या पायऱ्या चढू लागले.